सान बेनितोची आंघोळ

थिओफिलस फारफानची उंची पाच फूट दोन इंच, आणि त्याच्याकडच्या दांड्याची चोवीस फूट. ला सोलेदादच्या खोऱ्यात सगळे त्याला बांबू म्हणायचे ते त्या दांड्यावरून. बाहेरगावचा कुणी 'बांबू कुठे भेटेल' असं विचारत आला आणि लोकांनी समोर बोट दाखवलं, की तो पाहुणा आधी थिओफिलसच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. थिओफिलसला याची सवय झाली होती. तो घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "खाली बघा. इथे."

धंदा त्याचा धुण्याचा. कपडे नव्हे, घरं. पेट्रोलवर चालणारं प्रेशर वॉशर, शंभर फूट नळी, साबणाचे दोन कॅन आणि एकात एक सरकणाऱ्या चार नळ्यांचा तो दांडा, एवढा संसार जुन्या पिकअपमध्ये टाकून तो खोरंभर फिरायचा. त्रिनिदादमध्ये जूनला लागलेला पाऊस डिसेंबरापर्यंत भिंतींचा पिच्छा सोडत नाही. पांढरी भिंत आधी हिरवी होते, मग काळी. सहा महिने तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण ख्रिसमस जवळ आला, पडदे उतरले, खुर्च्या पॉलिशसाठी अंगणात आल्या, हॅम कुठून आणायचं यावरून घरोघरी वाद सुरू झाले, की घरातल्या बाईला अचानक छपराखालचा काळा पट्टा दिसतो, आणि मग तिला दुसरं काही दिसत नाही. नवऱ्यालाही दुसरं काही दिसलेलं तिला चालत नाही. शेवटी फोन बांबूला.

बांबू शिडीवर चढत नसे. खुर्चीवरही नाइलाज झाला तरच. पूर्वी तो रंगारी होता. बत्तिसाव्या वर्षी सेल्विन पँटिनच्या रमच्या दुकानाची पाटी रंगवताना कुणाच्या तरी बकरीने शिडीला टक्कर दिली. शिडी आडवी झाली आणि बांबू पन्हाळीला लटकला. लोकांनी दुसरी शिडी आणेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. शिडी शेजारच्याच घरी होती, पण आधी सगळ्यांना बघून घ्यायचं होतं. सेल्विन अजून सांगतो, की त्या दुपारी जितकी बिअर खपली तितकी कार्निव्हलला खपली नाही, आणि बांबूने महिन्यातून एकदा लटकायचं कबूल केलं असतं तर त्याला दुकानात भागीदार करून घेतलं असतं.

त्यानंतर त्याने ब्रश गुंडाळून ठेवले आणि बरीच वर्षं कोकोच्या बागांतून काम केलं. मग एकदा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये एका दुकानात त्याने हा लांब होणारा दांडा पाहिला. जमिनीवर उभं राहून दुमजली घराचा माथा धुता येतो, हे त्याने दुकानदाराकडून तीनदा वदवून घेतलं, आणि बायकोला न विचारता तो दांडा घरी आणला.

"शिडी लागते ती ज्यांचा हात पोचत नाही त्यांना," तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

"आणि तुझा हात कपाटाच्या वरच्या फळीला पोचत नाही," त्याची बायको व्हर्लिन म्हणायची. "परवा पिठाचा डबा काढायला मला हाक मारलीस. तोही दांडा लावूनच काढायचा होतास."

पण दांडा हातात आला की त्याला नावं ठेवायला जागा उरायची नाही. पूर्ण लांबवलेला दांडा पाण्याने भरला की अडेल जनावरासारखा वागतो. टोकाशी पाणी सुटलं की तो उलटा मागे रेटतो, आणि ज्याला हे माहीत नसतं तो दोन पावलं मागे जाऊन फुलझाडांत बसतो. बांबू आधी वर बघायचा, विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत ते. मग चाप न ओढता दांडा उभा करायचा, त्याचं बूड कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा, एक पाय मागे रोवायचा, आणि मगच पाणी सोडायचा. भिंतीच्या बरोबर खाली तो कधी उभा राहत नसे. चार पावलं लांब आणि तिरका. साबण खालून वर, पाणी वरून खाली. पत्र्याच्या सांध्यात खालून पाणी मारायचं नाही, नाहीतर घराची आंघोळ आतून होते. हे सगळं तो कुणी न विचारता सांगायचा, आणि लोक ऐकूनही घ्यायचे, कारण साबण भिजायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ दुसरं करायचं काय.

त्या वर्षी डिसेंबर लागल्यावर फादर अचोंगनी त्याला बोलावलं. फादर तरुण होते, शहरातून नुकतेच आलेले, आणि चिखलाच्या गावात राहूनही त्यांच्या बुटांवर कधी शिंतोडा दिसायचा नाही. ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी गावचा सण. चर्चचं तोंड त्यांना त्याआधी उजळून हवं होतं.

चर्चची पुढची भिंत त्रिकोणी माथ्याची आहे, आणि माथ्याखाली बावीस फुटांवर एक कोनाडा. कोनाड्यात सान बेनितो. तीन फुटी, सिमेंटचा, लांब झग्यातला, एका हातावर गाठोड्यासारखं काहीतरी धरलेला, आणि डोक्यापासून पायापर्यंत काळा. आसपासच्या कुठल्याही चर्चचा संत काळा नव्हता, आणि ला सोलेदादचे लोक पाहुण्याला हे दुसऱ्याच वाक्याला ऐकवायचे.

फादर बोलत होते तेव्हा ओटिली तांती शेजारीच उभी होती. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. वय एकोणऐंशी. ती सगळ्या गावाची तांती होती, म्हणजे मावशी. तिच्याहून मोठी माणसंही तिला तांतीच म्हणायची. सान बेनितोला समुद्राकाठच्या बंदरातून गाढवावर घालून आणलं ते तिच्या आजोबांनी, तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी.

"भिंत, पायऱ्या, घंटेचा खांब," फादर म्हणाले. "आणि तो कोनाडाही. संताच्या खांद्यावर झाड उगवलंय."

"ते झाड माझ्या आईच्या वेळचं आहे," ओटिली तांती म्हणाली.

"तांती, सणाला त्याला स्वच्छ करायला नको का?"

तांतीने थोडा विचार केला. "आंघोळ घालायला माझी ना नाही. पण हळू. त्याचं वय झालंय. बांबू, तुझं ते लाथ मारल्यासारखं पाणी त्याच्या अंगावर सोडायचं नाही."

"संतावर मी जोर लावीन का, तांती? त्याला नुसता साबण. साबण आपोआप काम करतो."

हे शेवटचं वाक्य पुढे गावाने त्याला निदान शंभरदा ऐकवलं.

मंगळवारी सकाळी त्याने पायऱ्या आणि खांब उरकले. अकराच्या सुमाराला साबणाचं मऊ तोंड लावून, पाण्याचा जोर उतरवून, त्याने दांडा कोनाड्यापर्यंत नेला आणि सान बेनितोला पायापासून डोक्यापर्यंत साबण लावला. साबणात नेहमीप्रमाणे ब्लीच होतं. मग मशीन बंद करून तो आंब्याखाली बसला आणि डबा उघडला. तळलेले बेक, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, आणि खारवलेला मासा. फादर शहरात गेले होते. आवारात चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या बेकचा घास तोंडाशी नेताना त्याचं लक्ष वर गेलं. संताची पावलं तपकिरी दिसत होती. ऊन पडलं असेल, असं त्याला वाटलं. त्याने घास चावला, गिळला आणि पुन्हा पाहिलं. पावलं पिवळट झाली होती, आणि तपकिरी रंग गुडघ्यापर्यंत चढला होता.

बांबू उठला. डबा कलंडला. मशीनची दोरी त्याला चार वेळा ओढावी लागली, एरवी एकदा ओढली की पुरायचं. साबण धुऊन टाकला तर आहे तिथे थांबेल, असा त्याचा हिशेब होता. पण साबणाने आपलं काम आधीच करून ठेवलं होतं. वरून पाणी पडलं तसा काळा ओघळ भिंतीवरून खाली आला, आणि त्याच्यामागून संत बाहेर आला. गोरा. झगा तपकिरी, पण चेहरा, हात, पाय दुधासारखे. गालांवर गुलाबी रंग. डोळे निळे. हातावरचं गाठोडं म्हणजे एक बाळ होतं, तेही गोरंपान, आणि पाणी तोंडावर घेऊनही हसत असलेलं.

बांबूने चाप सोडला. लहानपणी शाळेत जाताना तो रोज या संताला टोपी काढून सलाम करायचा, कारण त्याचे वडील करायचे. आता काय करावं ते न सुचून त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

तीन वाजता ओटिली तांती दार लावायला आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. हाताचा आडोसा करून ती वर बघत राहिली.

"बांबू, तो पांढरा का दिसतोय?"

"फेस आहे, तांती. साबणाचा."

"अजून?"

"चांगल्या प्रतीचा साबण आहे."

"तोंडावर पण?"

"तोंडाला जरा जास्त लावलाय."

तांतीने त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर. "उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "फेस उतरला की."

घरी व्हर्लिन स्वयंपाकघरात कसावा सोलत होती. बांबू पलंगाच्या कडेला बसला आणि बसूनच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

"तू बूट घालून पलंगावर बसलायस."

"व्हर्लिन, सान बेनितो गोरा आहे."

सुरी थांबली. "कोण म्हणतं?"

"मी धुतला त्याला."

व्हर्लिनने कसावा खाली ठेवला. "मग परत मळव."

"तसं होत नसतं."

"आपली भिंत सहा महिन्यांत काळी होते. त्याला किती लागतील?"

"उंचावर आहे, आडोशाला आहे. पाच-सहा पावसाळे."

"आणि सण कधी?"

"बारा दिवसांनी."

व्हर्लिनने कसावा पुन्हा हातात घेतला. "तू आयुष्यभर सांगत आलास, की वर न चढता सगळं करता येतं," ती म्हणाली. "आता करून ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चर्चच्या आवारात ख्रिसमसलाही नसते एवढी माणसं होती. सेल्विन पँटिन घोड्यांच्या शर्यतीची दुर्बीण घेऊन आला होता. ती हातोहात फिरत होती. बायका नवऱ्यांना बजावत होत्या, की बांबूच्या पाण्याजवळून जाऊ नका, घरी परत आलात तर ओळख पटायची नाही. कुणी म्हणालं, याला सरकारी कचेरीत पाठवा, तिथली जुनी प्रकरणंही साफ होतील. बांबू आंब्याखाली उभा राहून सगळं ऐकून घेत होता.

तेवढ्यात सेल्विनला संताच्या पायाखाली कोरलेली अक्षरं दिसली. इतकी वर्षं ती काळ्या थराखाली होती. त्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. सान आंतोनियो.

सगळे फादरांकडे बघायला लागले. फादर आपल्या बुटांकडे बघत होते. "मला वाटतं," ते हळूच म्हणाले, "हा मुळात सान बेनितो नाहीच. हातावर बाळ येशू आहे. हा पदुआचा आंतोनियो. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा."

"तरीच," सेल्विन म्हणाला. "मागच्या ऑक्टोबरात पूर ओसरू दे म्हणून मी मेणबत्ती लावली. पूर ओसरला नाही. पण तीन वर्षांपूर्वी हरवलेला माझा चष्मा सापडला."

लोक हसले, आणि हसता हसता ज्याला त्याला आपापलं आठवायला लागलं. कुणी नोकरी मागितली होती आणि त्याला हरवलेली सायकल मिळाली होती. कुणी नवरा सुधारू दे म्हणून साकडं घातलं होतं, आणि नवरा सुधारला नाही पण दोन वर्षं गायब होता तो घरी परत आला. ही वेगळीच तक्रार होती.

"पण तांती, तुमच्या आजोबांना दिसलं नसेल का, हा गोरा आहे ते?" कुणीतरी विचारलं.

"दिसलं असणार," ओटिली तांती म्हणाली. ती पायरीवर बसली होती. "वाचता येत नव्हतं त्यांना, डोळे शाबूत होते. बेनितो मागितला असेल, तो खरोखरच काळा संत; दुकानदाराने होता तो दिला असेल. दोन दिवस गाढवावरून आणल्यावर कोण परत न्यायला जातं? गप्प बसले असतील. मग पाऊस पडला."

तिने दुर्बीण मागून घेतली, बराच वेळ डोळ्यांना लावली आणि परत दिली. मग कुणा एकाकडे न बघता ती म्हणाली, "आत मारिया गोरी. जोसेफ गोरा. बारा प्रेषित गोरे, देवदूत तर गुलाबी. आमच्यासारखा एक होता, आणि तोही बाहेर, पावसात."

मग तांतीने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि फादरांच्या हातात ठेवला. "आज दार तुम्ही लावा," असं म्हणून ती घरी गेली.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी सकाळी बांबू तिच्या घरी गेला. तिने त्याला आत घेतलं, कोकोचा चहा दिला, आणि समोर बसून कोकोच्या बिया निवडायला घेतल्या. चहा संपल्यावर मात्र त्याला बोलणं भाग पडलं.

"माझं चुकलं, तांती. फेस आहे म्हणून खोटंही बोललो."

"खोटं बोललास ते दिसलंच मला. इतका फेस लग्नातल्या केकवरही नसतो. धुतलंस त्याचा राग नाही. ते तुझं काम. पण मला सांग, एवढी वर्षं मी कुणाशी बोलत होते? नवरा गेला तेव्हा. पाय मोडला तेव्हा. रोज दार लावताना."

"ऐकत तर होता ना तो," बांबू म्हणाला.

"कोण?"

"जो कोण वर होता तो."

तांतीने कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. तिची पाठ होती म्हणून बांबूला धीर आला. "मी रंगवतो त्याला," तो म्हणाला.

ती वळली. "तू? शिडीवर?"

"जमिनीवरून."

तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "बावीस फुटांवरून तू संताचं नाक रंगवणार."

"नाकाचं मी वचन देत नाही, तांती."

दोघं मिळून फादरांकडे गेले. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते अस्वस्थ झाले. पायाखाली नाव कोरलेलं आहे, ते म्हणाले. आंतोनियो पोर्तुगालमध्ये जन्मलेला. आपण त्याला दुसरंच कुणी कसं करायचं?

"जन्मला असेल पोर्तुगालमध्ये," तांती म्हणाली. "ऐंशी वर्षं कुठे राहिला? या खोऱ्यात ऐंशी वर्षं उघड्यावर उभं राहून कोण गोरं राहतं ते दाखवा मला."

फादर खिडकीबाहेर बघत राहिले. मग अचानक म्हणाले, "माझे आजोबा चीनमधून आले. त्यांच्या दुकानात येणारे सगळे त्यांना मिस्टर जॉन म्हणायचे. त्यांचं नाव जॉन नव्हतं. पहिली दहा वर्षं ते दर वेळी खरं नाव सांगायचे." त्यांनी खांदे उडवले. "मरताना जॉन होते. थडग्यावर दोन्ही नावं आहेत."

"मग?" बांबूने विचारलं.

"अक्षरांना रंग लावायचा नाही. नोंदीत तो आंतोनियो राहील. रंगाबद्दल नोंदीत काहीच लिहिलेलं नाही."

रंग आणायला बांबू आणि तांती पिकअपमधून सांग्रे ग्रांदेला गेले. मागे पाच बायका न बोलावता चढल्या. दुकानात रंग मिसळणाऱ्या माणसाने नमुन्याचे तपकिरी कागद काउंटरवर पसरले, तेव्हा पाचही जणींनी आपापले हात त्यावर ठेवले. एक म्हणाली हा माझा रंग, संताला शोभेल. दुसरी म्हणाली तू बागेत कधी काम केलंस, तुझा रंग सावलीतला आहे. तो माणूस एकदा हाताकडे, एकदा कागदाकडे बघत दमून गेला आणि शेवटी खुर्चीवर बसला. तांती कुणाशी भांडली नाही. तिने पिशवीतून कोकोची एक वाळलेली बी काढली, उन्हात चांगली खरपूस झालेली, आणि काउंटरवर ठेवली.

"हा," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस बांबूने स्वतःच्या घरामागच्या पाण्याच्या टाकीवर सराव केला. दांड्याच्या टोकाला पन्हाळी साफ करायचा आकडा असतो, वाकडा. त्याला त्याने गाड्या पुसायचा लोकरी हातमोजा बांधला. पाणी नाही, मशीन नाही, नुसता दांडा. पाण्याचा जोर नसल्याने तो मागे रेटत नव्हता, पण टोकाशी लागलेला ओला मोजा डुलायचा, आणि इथे हात बोटभर हलला की तिथे मोजा हातभर सरकायचा. पहिल्या दिवशी त्याने टाकीवर एक गोल काढला. व्हर्लिन कपडे वाळत घालायला बाहेर आली.

"हे काय आहे?"

"चेहरा."

"कुणाचा?"

"अजून ठरलं नाही."

"ठरव लवकर. मला रोज त्याच्यासमोर कपडे वाळत घालायचेत."

संताला रंगवायला दोन दिवस लागले, सणाच्या आधीचे शुक्रवार आणि शनिवार. सगळं गाव खाली उभं राहून वाट दाखवत होतं.

"डावा कान राहिला."

"त्याचा डावा की माझा डावा?"

"तुझा. नाही, त्याचा. थांब, तू कुठे तोंड करून उभा आहेस?"

"वर," बांबू म्हणाला. त्याची मान शुक्रवारी दुपारीच आखडली होती. रंग संपलेला मोजा दांड्यावरून खाली घेऊन पुन्हा रंगात बुडवायचा, पुन्हा चोवीस फूट वर चढवायचा, तोल सावरायचा, आणि कपाळाला टेकवायचा तर तो हनुवटीला टेकायचा. सेल्विनने दुर्बीण लावून तोंडी हुकूम सोडायचं काम घेतलं होतं आणि ते तो फार मनापासून करत होता. रंगाचा एक मोठा थेंब फादरांच्या बुटावर पडला. फादरांनी बघितलं आणि पुसला नाही. बाळालाही रंग द्यायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली. तांती म्हणाली, बापाचा एक रंग आणि लेकराचा दुसरा असं दिसलं तर लोक बोलतात. बाळालाही रंग मिळाला.

नाक शेवटपर्यंत जमलं नाही. तीनदा रंग बसल्यामुळे ते जाड झालं. आणि डोळे खोबणीत खोल होते, मोजा आत जाईना. बांबूने दांड्याला ब्रश बांधून पाहिला, कापूस बांधून पाहिला. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याने दांडा खाली घेतला आणि जमिनीवर ठेवला.

रविवारी सकाळी लोक नव्या कपड्यांत आले. चार तारांचे क्वात्रो आणि माराकसचे खुळखुळे घेऊन गाणारे आले, केळीच्या पानांत गुंडाळलेल्या पास्तेलांच्या परड्या आल्या. घंटा झाल्यावर सगळे पायऱ्यांखाली थांबले आणि वर बघायला लागले. कोनाड्यात कोकोच्या रंगाचा एक संत उभा होता, नाकाने दणकट, एका बाजूचा कान जरा फिका, हातावर तसंच काळसर बाळ, आणि दोघांचे डोळे निळे.

ओटिली तांती मागून आली. लोकांनी तिला वाट करून दिली. ती बरोबर खाली जाऊन उभी राहिली, जिथे बांबू कधी उभा राहिला नसता.

"डोळे तसेच राहिले," ती म्हणाली.

"पोचत नाही, तांती," बांबू म्हणाला. त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून तो अख्खा तिच्याकडे वळला होता.

"माझ्या आईचे असेच होते. मांजरीचे डोळे म्हणायचे तिला." ती अजून बघत होती. "नाक मात्र कुणाचंच नाही."

"नाकाचं मी आधीच सांगितलं होतं."

फादरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, कमरेला लावला, आणि मेणबत्ती पेटवायला सेल्विनकडे काडी मागितली.

"कुणाच्या नावाने लावताय, तांती?" सेल्विनने विचारलं.

"जो घरी असेल त्याच्या," ती म्हणाली.

प्रवचनात फादरांनी आंतोनियोबद्दल सगळं खरं खरं सांगितलं. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं, आणि बाहेर आल्यावर वाद्यं वाजायला लागली तेव्हा गाणं बेनितोचंच होतं. फादरही टाळ्या वाजवत होते. बांबूला कुणीतरी खुर्ची दिली, आणि व्हर्लिन त्याच्यामागे उभी राहून नारळाच्या तेलाने त्याची मान चोळत होती, सगळ्यांच्या देखत, आणि त्याने हलू नये म्हणून मधूनमधून एक चापट मारत होती.

जानेवारीत कामं कमी असतात. पण त्या वर्षी वरच्या खोऱ्यातली एक शिक्षिका त्याला बोलावून गेली; तिला घराच्या पुढच्या भिंतीचा माथा धुऊन हवा होता. बांबूने पिकअप लावली, तारा पाहिल्या, आणि दांडा न काढता आधी एक जुनं फडकं साबणात बुडवून भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात हातभर जागा पुसली. मग त्याने दार वाजवलं.

"झालं एवढ्यात?" शिक्षिका बाहेर येत म्हणाली.

"नाही. आधी हे बघून घ्या."

तिने वाकून पाहिलं. काळ्या थराखाली फिकट हिरवा रंग होता. "हिरवी होती होय भिंत," ती म्हणाली. "मला वाटत होतं पिवळी."

"मग धुऊ की राहू देऊ?"

ती थोडा वेळ त्या हातभर हिरव्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, की दोन मिनिटं थांबा, नवऱ्याला विचारून येते. बांबू पिकअपच्या पायरीवर बसला आणि त्याने डबा उघडला.